गच्चीवरच्या बॅचची अर्धी व्याख्या

तुम्हाला कधी न केलेल्या गुन्ह्यासाठी भिंतीला लावून उभं केलंय का? भर वर्गात, आणि समोर तुमच्याच वयाची पोरं गार हवेत बसून तुमच्याकडं बघतायत, असं?

मला केलंय. सांगलीत, एका क्लासच्या खालच्या हॉलमध्ये.

मार्च संपत आला होता. बारावीची बोर्डाची परीक्षा झाली होती आणि जानेवारीत सुरू झालेला इंजिनिअरिंगच्या सीईटीचा क्रॅश कोर्स चालू होता. आमची बॅच वरच्या गच्चीवर, पत्र्याखाली बसायची. त्या दिवशी खालच्या, सकाळच्या बॅचलाही दिवसभर थांबवून घेतलं होतं, आणि आम्हाला पहिल्यांदाच खाली बोलावलं. मला वाटलं, टेस्टचे मार्क सांगणार असतील. मी चपला दाराबाहेर काढल्या. कुणी काढायला सांगितलं नव्हतं. माझ्या मागच्यांनीही काढल्या. खालची पोरं बूट घालूनच बसली होती.

"आत या," सर म्हणाले. "बसू नका. भिंतीला लागून उभे राहा. एका ओळीत."

आम्ही उभे राहिलो. एसीच्या हवेत पाठीवरचा घाम गार पडला.

सरांनी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा उचलला. "क्रिटिकल पॉइंटचा प्रश्न. किती पॉइंट? बरोबर उत्तर, दोन. गच्चीवरच्या झाडून सगळ्या महाभागांनी लिहिलंय, एक." ते आमच्याकडं वळले. "झाडून सगळ्यांनी. एकालाही दुसरं उत्तर सुचलं नाही. नुसता तुक्का मारला असता तरी चार-दोघांचं बरोबर आलं असतं. म्हणजे तुम्ही तुक्कासुद्धा एकमेकांचा बघून मारलात."

हॉल हसला.

"कॉपी करायची तरी गटात एक हुशार लागतो. तोही नाही तुमच्यात."

परत हसला. माझ्या शेजारी काजल उभी होती. जतकडची पोरगी, सांगलीत मावशीकडं राहून शिकणारी. ती पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होती. फरशी कुठं उकरली जाते.

तिसऱ्या बाकाशी आमच्याच गावची ऋतुजा बसली होती. ती हसली नाही. पेनाचं टोपण चघळत ती माझ्याकडं बघत होती, रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीकडं बघावं तसं. ती हसली असती तर मला बरं वाटलं असतं.

मग सर म्हणाले, "ह्या टेस्टवरून वरच्या काही जणांना खाली घेणार होतो. ते रद्द. कॉपी करणारी पोरं मी स्टार बॅचमध्ये घेत नाही. जा."

बस. एवढंच. आम्ही चपला घालून वर गेलो. गच्चीवर सगळ्यात जास्त मार्क माझे होते. खाली जाणार होते ती मी. ह्या एका गोष्टीसाठी मी दोन महिने जगत होते.

ही स्टार बॅच म्हणजे काय, ते सांगते. खालचा हॉल, एसी, बाकांमागं गुबगुबीत खुर्च्या, पांढरा फळा. सकाळची वेळ, डोकं ताजं असतं तेव्हाची. तास संपला की डाउट सेशन. सर स्वतः बाकाजवळ येऊन बसणार. आणि वर आम्ही. भर दुपारी, पत्र्याखाली, तापलेल्या बाकांवर. डाउट सेशन नाही. शिकवायला तेच सर. फी दोन्हीकडं सारखीच. मग वर कोण आणि खाली कोण, हे कशावरून ठरलं? मार्कांवरून नाही. पहिल्या दिवशी सरांनी प्रत्येकाला विचारलं होतं, दहावी कुठल्या शाळेत केली, वडील काय करतात. बास. त्यावरून जिना ठरला.

माझी दहावी गावातल्या शाळेत झाली. गाव कवठे महांकाळ तालुक्यातलं. आमची घरं ओढ्यापलीकडं. एवढं सांगितलं तरी इकडच्या माणसाला पुढचं कळतं. आई बेदाण्याच्या शेडवर कामाला जाते. लवकर वाळावीत म्हणून द्राक्षं डिपिंगच्या पाण्यात बुडवून जाळ्यांवर पसरायची, वाळली की काड्या काढायच्या, बेदाणा निवडायचा. हंगामात मीही सकाळी जायची. ती शेड ऋतुजाच्या वडिलांची. आई तिला ऋतुताई म्हणते. ती माझ्याच वयाची आहे.

तर ऋतुजाबद्दल.

मला तिचा राग येत नव्हता. मत्सर होता. लोक म्हणतात मत्सर वाईट, पोरीच्या जातीला तर शोभतच नाही. मी त्याची माफी मागणार नाही. मी मत्सरानं जे बघितलं ते समाधानी माणसाला दिसलंच नसतं.

तिच्या कपड्यांचा मत्सर नव्हता. गाडीचाही फारसा नाही. मला तिच्या जांभईचा मत्सर होता. सर शिकवताना ती खुशाल जांभई द्यायची, मी लवकर पोचले की जिन्यात उभी राहून दाराच्या फटीतून बघायची. जे मला चोरून ऐकावं लागत होतं त्याचा तिला कंटाळा येत होता. तिच्याकडं सर प्रश्न टाकायचे आणि थांबायचे. उत्तर येईपर्यंत थांबायचे. गच्चीवर प्रश्न विचारला की उत्तर तेच सांगून मोकळे. ते थांबणं मला हवं होतं. कुणीतरी फळ्याकडं पाठ करून, हातातलं पेन खाली धरून, माझ्या तोंडातून काय येतंय ह्याची वाट बघावी.

आणि सगळ्यात जास्त मत्सर तिच्या चुकांचा. ऋतुजा चुकली की सर म्हणायचे, "सिली मिस्टेक." मी चुकले की म्हणायचे, "बेसिक कच्चं." चूक एकच. वजाचं चिन्ह विसरलेलं. तिच्या वहीत ती चूक पाहुणी होती. माझ्या वहीत घरचीच.

त्या दिवशी, भिंतीला उभं केलं त्या दिवशी, तास उशिरा सुटला आणि माझी मिरजेवरून जाणारी एसटी चुकली. मी आईला फोन केला, तिनं मालकिणीला, ऋतुजाच्या आईला, सांगितलं असावं. मी स्टँडकडं चालले होते, तर गाडी येऊन थांबली. ऋतुजानं काच खाली केली.

"बस. मम्मीनं सांगितलंय तुला घेऊन ये म्हणून."

मी पुढं, ड्रायव्हर बाळूकाकांच्या शेजारी बसले. सकाळी शेडवर, बेदाण्याला गंधकाची धुरी देतात त्या खोलीत काम केलं होतं. ओढणीला वास होता. मला माहीत होतं. मी ओढणी घडी करून मांडीखाली दाबली.

मिरज ओलांडायच्या आत ती म्हणाली, "बाळूकाका, एसी बंद करा आणि काच उघडा जरा. बेदाण्याचा वास येतोय."

तो वास तिच्या घरचा होता. तिच्या बंगल्याचा दुसरा मजला त्या वासावर चढला होता. पण गाडीत तो माझा झाला. बाळूकाकांनी काच उघडली. वारं आलं. माझे केस तोंडावर येत होते आणि मी ते बाजूला करत नव्हते.

थोड्या वेळानं मागून आवाज आला. "तू रागावलीस का गं?"

"कशाला."

"सर बोलतात तसं. मनावर नाही घ्यायचं. पण खरं सांग, सगळ्यांनी एकच कसं काय लिहिलं?"

"कारण एकच येतंय," मी म्हणाले. "डेरिव्हेटिव्ह काढला, शून्य ठेवला, एक्स बरोबर चार. दुसरा कुठनं आणायचा?"

"अगं, खाली बघायचं ना."

"कुठं खाली?"

"छेदात. छेदात एक्स आहे की. एक्सच्या जागी शून्य ठेवला की डेरिव्हेटिव्हच निघत नाही. फंक्शन आहे पण डेरिव्हेटिव्ह निघत नाही, तोपण क्रिटिकल पॉइंट. व्याख्येतच आहे की ते. सरांनी लाल पेनानं चौकट करून दिलंय." मग ती थांबली. "तुम्हाला नाही सांगितलं?"

मी मांडीखालची ओढणी आणखी आत दाबली.

"नसेल सांगितलं मग," ती म्हणाली आणि मोबाईल बघायला लागली.

तिच्या आवाजात टोमणा नव्हता, दया नव्हती. पाऊस नसेल पडला मग, असं म्हणावं तसं ती म्हणाली. आणि मला आठवलं. गच्चीवरचा तो तास शब्दन् शब्द आठवला. सर घाम पुसत म्हणाले होते, "क्रिटिकल पॉइंट. डेरिव्हेटिव्ह काढा, शून्याबरोबर ठेवा, एक्स काढा. जे येतील ते क्रिटिकल पॉइंट. तुम्हाला एवढं बास."

तुम्हाला एवढं बास.

एकाच माणसानं, एकाच दिवशी, सकाळी खाली पूर्ण व्याख्या दिली आणि दुपारी जिना चढून वर येताना तिच्यातली अर्धी खालीच ठेवली. आणि मग पूर्ण व्याख्येवरचा प्रश्न दोन्ही बॅचना घातला. आणि आम्ही सगळे एकसारखे चुकलो म्हणून आम्हाला चोर ठरवलं. आम्ही एकमेकांचं बघून लिहिलं नव्हतं. आम्ही त्यांचं ऐकून लिहिलं होतं.

आता ज्यांना गणिताची भीती वाटते त्यांनी पान उलटू नये. गोष्ट सोपी आहे. फंक्शन म्हणजे एक रस्ता समजा, चढउताराचा. डेरिव्हेटिव्ह म्हणजे त्या रस्त्याचा त्या त्या जागचा चढ. रस्त्याची शिखरं आणि खड्डे कुठं असू शकतील ते शोधायचं, तर काही खास जागा तपासाव्या लागतात. त्या जागा म्हणजे क्रिटिकल पॉइंट. चढ शून्य होतो, रस्ता क्षणभर सपाट होतो, ती एक तऱ्हा. ही आम्हाला सांगितली. दुसरी तऱ्हा म्हणजे रस्त्याला टोक असतं. एका बाजूनं चढ, लगेच दुसऱ्या बाजूनं उतार, मध्ये सपाटी नाहीच. त्या टोकावर चढ किती, हे सांगताच येत नाही. तिथं डेरिव्हेटिव्ह नसतो. पण शिखर असू शकतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडवर गेले. रॅकवर नुकती ओली द्राक्षं पसरली होती. लोखंडी खांबांवरून जाळी ताणलेली असते. द्राक्षांच्या वजनानं दोन खांबांच्या मधे तिला झोळ पडतो. खांबावर ती उचलली जाते, टोकदार. मी बघत राहिले. झोळाच्या तळाशी जाळी सपाट होती. चढ शून्य. खांबावर सपाटी नव्हतीच.

"काय बगत बसलीस? हात चालीव," आई म्हणाली.

"आई, जाळी सगळ्यात उंच कुठं हाय?"

"खांबावर की. आनि कुटं आसनार? येडी का काय तू."

आम्हाला दिलेली अर्धी व्याख्या घेऊन ती जाळी मोजली असती, तर मला नुसते झोळ सापडले असते. सगळे तळ. एकही खांब सापडला नसता. परीक्षेतलं फंक्शनही तसंच होतं. एक्सचा दोन-तृतीयांश घात, गुणिले कंसात एक्स वजा दहा. त्याचा डेरिव्हेटिव्ह काढून मांडला की वर पाच गुणिले कंसात एक्स वजा चार, आणि खाली छेदात एक्सच्या घनमुळाची तिप्पट. वरचं शून्य होतं चारला. तिथं आलेख खोल जातो. खालचं शून्य होतं शून्याला. तिथं टोक आहे, शिखर. गच्चीवरच्या सगळ्यांनी खड्डा बरोबर शोधला होता. शिखर शोधायचं कसं, ते आम्हाला दिलंच नव्हतं.

मी आईला म्हणाले, आज मी लवकर जाते. ती म्हणाली, "मुकादम खाडा धरंल." मी म्हणाले धरू दे.

सांगलीला पोचले तेव्हा खाली डाउट सेशन चालू होतं. काजलला मी एसटीतूनच फोन केला होता. ती दारात उभी होती आणि तिच्याबरोबर अक्षय. अक्षय फलटणकडचा, आमच्याच गच्चीवरचा. त्याचे वडील फौजेत होते, घरचा ऊस आहे, जात गावात वरची. पण शाळा जिल्हा परिषदेची, बोलणं आमच्यासारखं, म्हणून तोही पत्र्याखाली.

"बोलनार कोन?" काजलनं विचारलं.

"मी," मी म्हणाले.

"बरं. मी दार धरून उभी ऱ्हाती," ती म्हणाली. "पळायचं झालं तर बरं पडतंय."

मी आत गेले. चपला घालून.

सर पहिल्या बाकावर टेकून बसले होते. "काय आहे?"

"डाउट आहे, सर."

"डाउट सेशन ह्या बॅचचं आहे. तुमचा तास एक वाजता."

"सर, गच्चीवर तुम्ही क्रिटिकल पॉइंट कसा शिकवलात?"

"वरच्या तासाला विचार ते."

मी फळ्याकडं गेले. पेन उचललं. अक्षर वाकडं येत होतं. ते फंक्शन लिहिलं. डेरिव्हेटिव्ह लिहिला. वरच्या भागाला गोल केला. "एवढं आम्हाला शिकवलंत." मग खालच्या भागाला गोल केला. "हे ह्यांना शिकवलंत. आम्हाला नाही. म्हणून सगळ्यांचं एकच उत्तर आलं. कॉपी झाली नव्हती, सर."

कुणी हसलं नाही.

सर उठले. हसून म्हणाले, "हे बघ बेटा."

बेटा. मला कधी म्हणाले नव्हते. ऋतुजाला रोज म्हणायचे. मला लाज वाटते सांगायला, पण त्या एका शब्दानं माझ्या आत काहीतरी मऊ झालं. दोन महिने उपाशी ठेवलेल्या माणसापुढं ताट सरकवावं तसं.

"वर वेळ कमी पडतो," ते म्हणाले. "असले प्रश्न वरच्या पोरांना सुटत नाहीत, हा माझा अनुभव आहे. म्हणून मी सोपं तेवढं पक्कं करून घेतो. आणि स्पष्टच सांगायचं तर तुमचं कटऑफ खाली असतं. तेवढ्यावर तुमचं काम होतं. कशाला डोक्याला ताप?"

तुमचं. सगळ्यांना कळलं, तुमचं म्हणजे कुणाचं. कुणी माझ्याकडं बघितलं, कुणी मुद्दाम दुसरीकडं.

तेवढ्यात दारातून अक्षय म्हणाला, "सर, माजं कटऑफ तर खाली नस्तंय. मग मला का न्हाई सांगितलं?"

ते थांबले. मला हवं होतं तसं थांबले. पण ते उत्तराची वाट बघणारं थांबणं नव्हतं. अडकलेलं होतं.

मग ते माझ्याकडं वळले. आवाज खाली आणला. "गच्चीवर तुला सगळ्यात जास्त मार्क आहेत. मी बघितलंय. उद्यापासून तू खाली बस. सकाळच्या बॅचला. विषय संपला."

ऋतुजानं शेजारच्या खुर्चीवरची बॅग उचलली आणि पायाशी ठेवली. "ये ना," ती म्हणाली.

ती खुर्ची. तिसऱ्या बाकाची, एसीखालची. मी जिन्यातून ती किती वेळा बघितली होती. तिच्यावर बसून मी मनात किती प्रश्नांची उत्तरं दिली होती, किती वेळा सर माझ्यासाठी थांबले होते. आता ती रिकामी होती आणि पाच-सहा पावलांवर होती. मला ती हवी होती. आजही हवी आहे. जो म्हणतो की स्वाभिमानापुढं मोह वाटत नाही, त्याला कधी काही नाकारलंच गेलेलं नसतं.

मी दाराकडं बघितलं. काजल दार धरून उभी होती. तिच्या तोंडावर काही नव्हतं. ती गृहीत धरून होती की मी बसणार. तिच्या जागी मीही तेच धरलं असतं.

आणि मला कळलं की ही खुर्ची म्हणजे परत तीच व्याख्या आहे. अर्धी. एकीला खाली घ्यायचं, बाकीच्यांना वर ठेवायचं, आणि मग सांगायचं की बघा, लायकी असली की घेतो आम्ही. मी बसले असते तर भिंतीला लागून उभे राहिलेले सगळे चोर ठरले असते, आणि साक्षीदार मी.

"नको," मी म्हणाले. "तुम्ही वर या. राहिलेली अर्धी व्याख्या वर येऊन सगळ्यांना सांगा. आणि ज्यांच्यासमोर आम्हाला उभं केलंत त्यांच्यासमोर सांगा की कॉपी झाली नव्हती."

"अटी घालतेस मला?"

"व्हय."

क्लासमध्ये मी कधी व्हय म्हणत नसे. हो म्हणायची, जपून. त्या दिवशी व्हय म्हणाले आणि ते परत घेतलं नाही.

सर म्हणाले, "मग तू वरही येऊ नकोस."

मी पेन फळ्याखाली ठेवलं आणि बाहेर आले. ऋतुजानं बॅग परत खुर्चीवर ठेवली. मी मागं वळून ते बघितलं. बघायला नको होतं, पण बघितलं.

सरांनी मालकांना फोन केला. क्लास त्यांच्याच ओळखीनं मिळाला होता. मालकांनी आईला शेडमध्ये बोलावून घेतलं. आई घरी आली ती तडक चुलीपुढं बसली. मी म्हणाले, "काय म्हणाले?"

"म्हनलं, पोरगीला समजावा. आपल्या लोकांनी जमवून घ्यावं."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी काय म्हननार? म्हनलं, तिनं काय इचारलं त्ये मला कळत न्हाई. पर तुमच्या ऋतुताईला कळत आसंल, तिलाच इचारा खरं का खोटं." आईनं तव्यावरची भाकरी उलटली. "मालक फोन काडून बाजूला गेलं. माजं काम मी बगती. तू तुजं बग. पर आता घरात बसून बग, रोजच्या एसटीला पैसं मी घालवायची न्हाई."

ती रागावलेली होती. माझ्यावर की त्यांच्यावर, तिलाही सांगता आलं नसतं.

माझा मामा मिरजेत एका छापखान्यात मशीनवर आहे. लग्नपत्रिका छापतात, मोर्च्याची पत्रकं छापतात. उरलेली, शाई फाकलेली पत्रकं तो घरी आणायचा आणि मी त्यांवर वाचायला शिकले. मागणी, निषेध, जाहीर सभा. माझे पहिले शब्द ते. मी मामाकडं गेले आणि एक कागद पुढं ठेवला.

मामानं वाचला. "ह्यात मागनी कुटाय? निषेध कुटाय? खाली सही कुनाची? पत्रक आसं नस्तंय, बाळा."

"असंच छाप, मामा."

त्यावर एवढंच होतं. क्रिटिकल पॉइंटची व्याख्या, पूर्ण, मराठीत. फंक्शनच्या डोमेनमधली अशी जागा, जिथं डेरिव्हेटिव्ह शून्य असतो किंवा जिथं डेरिव्हेटिव्ह नसतोच. खाली ते परीक्षेतलं फंक्शन, त्याचा डेरिव्हेटिव्ह, दोन्ही उत्तरं. आणि शेवटी एक ओळ: ह्यातलं 'किंवा'च्या पुढचं गच्चीवर शिकवलेलं नाही.

काजल, अक्षय आणि मी क्लासच्या फाटकाबाहेर उभे राहिलो. अक्षय एसटीच्या कंडक्टरसारखा ओरडत होता, "घ्या, घ्या, राहिलेली व्याख्या घ्या." काही पालकांनी घेतलं. काहींनी बघून खिशात घातलं, न वाचता. ऋतुजानं घेतलं. तिनं उभ्या उभ्या पूर्ण वाचलं आणि माझ्या हातात परत दिलं.

"हे तर आम्हाला माहितीय," ती म्हणाली.

खरं होतं ते. त्याचाच तर मत्सर.

नंतर काजलकडून कळलं की सर एका दुपारी वर आले आणि राहिलेला भाग शिकवला. घाईत, पाठमोरे. कॉपीचा आरोप मागं घेतला नाही. कुणाला खाली घेतलं नाही. काजलनं विचारलं, हिला परत घ्याल का, तर म्हणाले, "तिला सगळं येतं ना आता."

सीईटीत मला किती पडले, हे मी इथं सांगणार नाही. चांगले पडले असले तर तुम्ही म्हणाल, बघा, शेवटी झालं ना चांगलं, आणि विसराल. कमी पडले असले तर म्हणाल, सर बरोबर होते. दोन्ही सोयी मी तुम्हाला देणार नाही.

मला गप्प बसवायला येणारे सगळे एकच सांगतात, दुसऱ्याच्या ताटात बघू नकोस. मी बघणार. ताट कुणी वाढलं, कुणाला काय वाढलं, वाढताना काय झाकून ठेवलं, हे बघितल्याशिवाय मी ह्यापुढं कुठल्याच वर्गात बसणार नाही. मला कमी येतं असं कुणी म्हणालं, तर आधी विचारणार, मला कमी दिलं होतं का. आणि एकटीला जास्त देऊ केलं, तर घेणार नाही.

आता तुमच्याकडं मागणं. तुमच्या गावात, कराडात, साताऱ्यात, विट्यात, जिथं असाल तिथं, असा एक क्लास आहे. त्याच्या पहिल्या बॅचचं एक पोर आणि शेवटच्या बॅचचं एक पोर गाठा. दोघांना वेगवेगळं एकच विचारा, क्रिटिकल पॉइंट म्हणजे काय. तुम्हाला गणित येत नसलं तरी चालेल. दोघांची उत्तरं त्यांच्याच शब्दांत कागदावर उतरवून घ्या. ती सारखी नसली, तर कागद घेऊन त्या सरांच्या टेबलापुढं जा, दोन्ही उत्तरं मोठ्यानं वाचा, आणि शेवटच्या बॅचला राहिलेलं शिकवून होईपर्यंत तिथून हलू नका.